लेर्केबोतली पुटपुटणारी माणसं

६ ऑक्टोबर

माझी बायको बोदिल म्हणते, या वयात रोजनिशी लिहायला घेणं म्हणजे रिकामटेकडेपणा. मी म्हणतो, ही जकात खात्याची सवय आहे. हेल्सिंगोरच्या धक्क्यावर स्वीडनच्या बोटींतून उतरणाऱ्या गाड्या तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. इंजिनांच्या धडधडाटात उभं राहायचं आणि माणसाच्या चेहऱ्यावरून त्याच्या डिकीत काय दडलंय ते ओळखायचं. तिथे एकच गोष्ट शिकलो. काही खटकलं की ताबडतोब लिहून ठेवायचं. आम्हाला इथे येऊन अजून महिना व्हायचा आहे, पण खटकण्यासारखं बरंच साचलंय.

'इथे' म्हणजे लेर्केबोत; नावाचा अर्थ चंडोलाचं घरटं. साठी उलटलेल्यांची ही वसाहत बोदिलने शोधून काढली. प्रत्येकाला आपापलं छोटं घर आणि मधोमध सगळ्यांचा मिळून एक मोठा हॉल. घरातलं स्वयंपाकघर मुद्दाम एवढंसं ठेवलंय. टपालपेट्या हॉलमध्ये, कपडे धुण्याची यंत्रं हॉलच्या मागे, आणि रस्त्यावर जायची वाटही हॉलवरूनच. म्हणजे दिवसातून एकदा तरी माणसाने दुसऱ्याच्या तोंडासमोर आलंच पाहिजे, अशी सोय. आर्किटेक्ट याला 'भेटीगाठींची रचना' म्हणतो. जकातीत आम्ही याला नाकाबंदी म्हणायचो.

आमचं जुनं घर मी विकू दिलेलं नाही. भाड्याने दिलंय. भाडेकरूचा करार एक मेला संपतो, त्याआधी त्याला काय ते सांगायचं आहे. तोवर मी डोळे उघडे ठेवणार.

११ ऑक्टोबर

आज हॉलमध्ये जेवण. पाळीपाळीने रांधायचं आणि एकत्र जेवायचं, असा इथला नियम आहे. खिम्याचे वडे चांगले होते, रस्सा पातळ होता.

माझ्यासमोर टोर्बेन बसला. हा शाळेत गाणं शिकवायचा, आता इथल्या समूहगायनाचा पुढारी आहे. दाढीमिशा अशा वाढवल्यात की ओठच दिसत नाहीत. ज्याचे ओठ दिसत नाहीत त्याचा मला भरवसा वाटत नाही. शेजारी व्हिबेके होती. ही ग्रंथपाल होती, बोलताना तोंडापुढे हात धरते.

इथली माणसं पुटपुटतात. आमची डॅनिश भाषा घशात बटाटा अडकल्यासारखी आहे, असं स्वीडिश लोक चिडवतात. इथल्या लोकांनी तर अख्खं पोतं अडकवून घेतलंय. वर त्या हॉलचा कल्ला. खाली काँक्रीट, वर दोन मजले उंच उघडं काँक्रीट, तिन्ही बाजूंना काच. काटेचमचे खणखणतात, खुर्च्या खरखरतात, कोणी हसलं की ते हसू वर जाऊन परत डोक्यावर पडतं. मध्येच सगळे खो-खो हसले. मग मीही हसलो. आपण मागे पडायला नको.

घरी येताना बोदिलला विचारलं, "टोर्बेनने एवढं काय सांगितलं, डोळे पुसत होतीस?"

"तू समोरच तर होतास की!"

"तो पुटपुटतो."

यावर ती काही बोलली नाही. किंवा बोलली असेल, वाऱ्यात कळलं नाही.

२ नोव्हेंबर

दुपारी वाचत बसलो होतो. मान वर केली तर समोर टोर्बेन! आमच्याच बैठकीत, हातात आमचंच टपाल. म्हणे, "बेल वाजवली रे, कितीदा तरी." साफ खोटं. मी दारापासून चार पावलांवर होतो. उगाच काहीतरी पाहून ठेवायला आला असणार.

मोबाइलही इथे आल्यापासून बिघडलाय. मेट्टेचा फोन आला की आपली मुलगी बोलतेय एवढंच कळतं, काय बोलतेय ते कळत नाही. मी दुसरी कंपनी घ्या म्हणतो. बोदिल सुस्कारा सोडते.

१४ नोव्हेंबर

आर्किटेक्ट पाहुण्यांचा घोळका घेऊन आला होता. या हॉलला म्हणे बक्षीस मिळालंय. काळा सदरा, काळी पँट, कुणाच्या तरी मयताला निघाल्यासारखा. हात पसरून म्हणाला, "इथे भिंतींवर काही टांगायचं नाही. खोलीला बोलू द्या!"

मी पुढे होऊन म्हटलं, "खोली बोलते हो, पण मग माणसांना बोलायला जागा राहत नाही."

तो हसून काहीतरी बोलला. तोही पुटपुट्या.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवतो. हल्ली माणसं हॉलमध्ये फार वेळ टिकत नाहीत. व्हिबेके डोकं धरून ताट घेऊन घरी जाते. बोदिललाही जेवणानंतर गोळी घ्यावी लागते. मनात काही खुपत असलं की डोकं दुखतं, हे मी धक्क्यावर बघितलंय. डिकीत दारूच्या जास्तीच्या बाटल्या असल्या की भलेभले कपाळ चोळायला लागत.

२९ नोव्हेंबर

आज त्यांनी मला सापळ्यात पकडलं.

जेवताना व्हिबेके काहीतरी सांगत होती. चेहरा हसरा, एक हात तोंडापुढे, दुसरा हवेत, डोळे चमकत होते. गमतीचा किस्सा चाललाय हे कोणीही सांगितलं असतं. ती थांबली, मी बरोबर वेळ साधून मोठ्याने हसलो.

सगळे गप्प. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये माझंच हसू वर जाऊन परत आलं. व्हिबेकेने तोंडावरचा हात काढला, माझ्याकडे पाहिलं आणि उठून गेली.

बोदिलने मला बाहेर आणलं. "एर्लिंग, ती बहिणीच्या शेवटच्या दिवसाचं सांगत होती. जाता जाता बहिणीने तिचा हात धरला, ते सांगत होती रे ती!"

"मग हसत हसत कशाला सांगायचं?"

"कारण तिला रडायचं नव्हतं!"

मला शरम वाटली, हे लिहून टाकतो. पण संशयही वाटला. माणूस हसऱ्या चेहऱ्याने असं सांगतो कशाला? आणि नेमकं माझ्यासमोर?

३० नोव्हेंबर

सकाळी व्हिबेकेच्या दाराशी जाऊन माफी मागितली. तिने मान हलवली, काहीतरी म्हणाली, दार लावून घेतलं. काय म्हणाली कोण जाणे.

दुपारी बोदिलने कानाच्या डॉक्टरकडची वेळ ठरवून आणली. मला न विचारता!

"तू ऐकत नाहीस," ती म्हणाली.

"मी काय शाळेतलं पोर आहे तुझं ऐकायला?"

"तसलं ऐकणं नाही म्हणत मी."

"मग कसलं?"

तिने हात टेकले. मी फोन करून ती वेळ रद्द केली. माझे कान ठणठणीत आहेत. बंदरातला भोंगा आजही मला ऐकू येतो. इथे बिघाड माझ्यात नाही, या लोकांच्या जिभेत आहे. खुळा ठरवून कोपऱ्यात बसवायचा डाव दिसतोय.

९ डिसेंबर

हॉलमध्ये जाणं बंद केलं. राय धान्याच्या काळ्या पावावर लिव्हरचा लगदा आणि काकडीचं लोणचं लावून घरीच खातो. बोदिल जाते. खिडकीतून हॉल दिसतो. नाताळाचे कागदी तारे काचेला चिकटवलेत. ती टोर्बेन आणि व्हिबेकेच्या मध्ये बसते. तिघं डोकी एकत्र आणून बोलतात. मध्येच बोदिल आमच्या खिडकीकडे बघते. मी दिवा मालवतो.

१२ जानेवारी

आज सांगून टाकलं. मी म्हटलं, "एक मेला आपण परत आपल्या घरी. बास झाला हा खेळ."

ती भांडी पुसत होती. फडकं खाली ठेवलं, माझ्यासमोर येऊन बसली, आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "तू जा, एर्लिंग. मी इथेच राहीन."

हे मात्र एकेक अक्षर स्वच्छ ऐकू आलं.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण घाबरलो असं आजच झालं. दिवसभर पेन हातात घेऊन बसलो आणि एवढंच लिहून झालं.

४ फेब्रुवारी

टपाल आणायला गेलो. हॉल रिकामा असायच्या वेळी काचेतून आत बघितलं तर ही तिघं. टोर्बेन मधोमध उभा. त्याने एकदाच जोरात टाळी वाजवली. मग तिघंही मान वर करून छताकडे बघत उभी. पुन्हा टाळी. पुन्हा छत. बोदिलने मान हलवली, अगदी वैद्याने नाडी बघावी तशी.

मग टोर्बेनने माझ्या जागेकडे बोट दाखवलं! बोदिल जाऊन माझ्या खुर्चीत बसली. व्हिबेके दुसऱ्या टोकाला जाऊन काहीतरी म्हणाली. बोदिलने कानाला हात लावून 'नाही' म्हटलं, आणि तिचा चेहरा रडवेला झाला. टोर्बेनने पाठीवर हात ठेवला. पाठीवर!

हा कुठला पंथ आहे की मला हुसकावण्याची तयारी, ते शोधून काढायला हवं. संध्याकाळी विचारलं, "आज काय केलंस?" "कपडे धुतले," म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्याशी खोटं बोलली. निदान मला कळलेलं पहिलं.

२० फेब्रुवारी

पाणी कुठे मुरतंय ते सापडत आलंय.

एक, बोदिलच्या कोटाला मेंढ्यांचा वास येतो. दोन, सायकलींच्या शेडला कुलूप लागलंय. इथे घरांना कोणी कुलूप लावत नाही आणि सायकलींना? तीन, टोर्बेन मागच्या दाराने गोण्या आत नेताना दिसला.

कुलूप अगदी साधं होतं, जकातीच्या माणसाला काय अवघड? आत बघतो तर लाकडी चौकटींची चवड. प्रत्येक चौकटीला फिकट कापड ताणून बसवलेलं, मध्ये पोकळी. कोपऱ्यात कच्च्या लोकरीच्या गोण्या. पोकळ चौकटीत माल भरायची ही जुनीच युक्ती आहे, मी स्वतः एकाला पकडलं होतं. खिशातला चाकू काढून एका चौकटीत खुपसला. आत लोकर. आणखी खोल. लोकरच.

म्हणजे ही रंगीत तालीम असणार. खरा माल अजून यायचाय.

या सगळ्यात बोदिल आहे, हे मनाला लागतं. तिने कधी ठरल्यापेक्षा एक बाटली जास्त आणली नव्हती स्वीडनहून.

१७ मार्च

येत्या शनिवारी इथे कामाचा दिवस. सगळ्यांनी हत्यारं घेऊन यायचं, दुरुस्त्या करायच्या, दुपारी वाटाण्याचं सूप प्यायचं. कुणालाही सुट्टी नाही असा नियम. आणि बोदिल म्हणते, "तू मेट्टेकडे जाऊन ये. दोन दिवस राहा."

"का? मला शिडी धरता येत नाही?"

"मी मागतेय म्हणून जा." तिचे डोळे लाल होते.

मला दूर घालवून हे काय करणार? टोर्बेनची दाढी डोळ्यांपुढे आली. हो म्हटलं. ती अशी बघत असली की मला नाही म्हणता येत नाही.

२६ मार्च

मेट्टेकडून परतलो. तिथेही सगळे पुटपुटत होते, नातवंडंसुद्धा. साथच आलीय वाटतं. बाहेर शेतात मेट्टे थबकली, वर बोट करून म्हणाली, "बाबा, चंडोल गातोय!" मी वर पाहिलं. निळं आभाळ. "हो हो, छान," म्हटलं.

बोदिलच्या हाताला जखमेची पट्टी आणि केसांत लोकरीचा धागा. "उद्या हॉलमध्ये जेवायला चल," म्हणाली. "एकदाच. मग मे महिन्यात जिथे जायचं तिथे जा."

२८ मार्च

काल लिहायला बसवेना. आज लिहितो.

हॉलमध्ये शिरलो तेव्हा आधी वाटलं, कोणी आलेलंच नाही. इतकं शांत. पण सगळे होते, बोलतही होते. मग वर पाहिलं. छताला त्या चौकटी, एकीला एक लागून, मागच्या भिंतीवरही. आर्किटेक्टचं काँक्रीट दिसेनासं झालेलं.

"लोकर," टोर्बेन म्हणाला. "आवाज पिते. आर्किटेक्ट रागावलाय, पण राहायचंय आपल्याला, त्याला नाही. तुझ्या एकट्यासाठी केलं असं समजू नकोस हं. माझंसुद्धा डोकं उठायचं." जरा थांबून म्हणाला, "एका चौकटीला भोक पडलं होतं. उंदीर असेल. व्हिबेकेने शिवलं."

मी खिशातल्या चाकूवर हात ठेवला. मग लक्षात आलं, याच्या ओठांकडे न बघता मला हे सगळं कळलं होतं.

जेवायला बसलो. मासे आणि उकडलेले बटाटे होते. व्हिबेके मला म्हणाली, "एर्लिंग, मीठ दे." मी मीठ दिलं. एवढंच, पण मला तिला मिठी मारावीशी वाटली. टोर्बेनने एका बेसूर मुख्याध्यापकाचा किस्सा सांगितला. खरंच हसण्यासारखा होता, मी योग्य जागी हसलो. मनात म्हटलं, चला, कामाच्या शनिवारी छताबरोबर यांनी आपले उच्चारही दुरुस्त केलेले दिसतात. अखेर तोंड उघडून बोलायला शिकले.

बोदिल माझ्या बाजूला नव्हती. टेबलाच्या पार पलीकडे, पाठ अर्धी माझ्याकडे. तिच्या शेजारी आनेलिसे नावाची पाहुणी, रिकामं घर बघायला आलेली. तिने विचारलं, "तुम्ही कशा आलात इथे?"

"घरी बोलायला कोणी नव्हतं," बोदिल म्हणाली. आवाज नेहमीचा. माझ्यासमोर काहीही बोललं तरी चालतं, याची तिला सवय झालेली.

"नवरा होता ना?"

"होता की. खुर्चीत असायचा. काहीही सांगा, 'हो हो' म्हणायचा. मला वाटायचं, किती गुणी नवरा, कशाला नाही म्हणत नाही!" शेजारचे हसले. मीही हसणार होतो. "मग दोन वर्षांपूर्वी छातीत गाठ लागली हाताला. हॉस्पिटलात जायचं होतं. कोट घालून दारात उभी राहिले आणि म्हटलं, एर्लिंग, गाठ दाखवायला चाललेय, मला फार भीती वाटतेय. त्याने वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. म्हणाला, 'हो हो, येताना दूध आण.'"

"अगं बाई! मग?"

"मग काय, आणलं दूध."

बटाटा माझ्या तोंडात तसाच राहिला.

"गाठ साधी निघाली," बोदिल म्हणाली. "पण निकाल येईपर्यंत मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे. नळ कशाला सोडत होते कोण जाणे. मला वाटायचं, याने मनातून मला टाकलंय. इथे आल्यावर टोर्बेन म्हणाला, अगं, त्याला ऐकूच येत नाहीये! तुला सांगते, त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं."

मी हळूच काटा खाली ठेवला. आवाज झालाच नाही.

घरी आलो तेव्हा बाहेर अजून उजेड होता. ती त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात चहासाठी भांड्यात पाणी घेत होती.

"गाठीचं मला सांगितलं होतंस," मी म्हटलं.

ती वळली. रंगच उडाला चेहऱ्याचा. "कोणी सांगितलं तुला?"

"तूच. आत्ता जेवताना."

ती पुन्हा नळाकडे वळली आणि काहीतरी बोलू लागली. पाणी वाहत होतं, खांदे हलत होते. बरंच बोलली. माझ्या ओठांवर 'हो हो' आलं होतं. इतक्या वर्षांत किती वेळा आलं असेल?

"बोदिल," मी म्हटलं, "मला ऐकू आलं नाही."

तिने नळ बंद केला.

"मला ऐकू येत नाही," मी म्हटलं. एकदा बोललो, आता पुन्हा बोलायला काय जातंय? "आत्ताच नाही, कधीच येत नाही. इथे नको सांगू. हॉलमध्ये चल, तिथे येतं."

हॉलमध्ये व्हिबेके टेबलं पुसत होती. आम्हाला बघितलं, फडकं तिथेच ठेवलं आणि निघून गेली. आम्ही त्या लोकरीखाली समोरासमोर बसलो. बोदिलने माझे दोन्ही हात धरले होते.

"कुठून सांगू?" ती म्हणाली. अगदी हळू म्हणाली, तरी ऐकू आलं.

"कोट घालून दारात उभी होतीस ना," मी म्हटलं, "तिथून."